कानातली शिट्टी आणि घरातली शांतता

माझी मुलगी तेव्हा साडेचार वर्षांची होती. जेवण झाल्यावर आपलं स्टीलचं ताट घेऊन ती बेसिनपाशी गेली, चवड्यांवर उभी राहिली, आणि ताट ठेवायच्या आधी तिने बेसिनमध्ये एक फडकं पसरलं. मग त्यावर ताट ठेवलं, अगदी हळू, आणि वळून माझ्याकडे बघितलं, आईचे हात कानावर गेलेत का. नव्हते गेले. ती हसली आणि कुजबुजत म्हणाली, "आवाज नाही आला ना?"

तिला हे कुणी शिकवलं नव्हतं. पाच महिने घरात आम्ही सगळेच दबकत वावरत होतो, ते बघून बघून ती शिकली. त्या रात्री मी खूप रडले आणि पहिल्यांदा मनात आलं की आता बास, हे असं चालू ठेवायचं नाही.

आज त्याला तीन वर्षं होऊन गेली. कानातला आवाज, बाहेर काही वाजत नसताना येणारा, टिनिटस म्हणतात तो, अजून आहे. हे आधीच सांगून टाकते कारण त्या काळात मी स्वतः रात्री दोन-दोन वाजेपर्यंत लोकांचे अनुभव वाचायचे, आणि प्रत्येक वेळी आधी खाली शेवटाला जाऊन बघायचे की याचा आवाज गेला का, आणि नाही गेला असं दिसलं की पोटात गोळा यायचा. तर, माझा नाही गेला. पण मी बरी आहे, रोज शाळेत शिकवते, रात्री झोपते, घरात मोठ्याने गाणी लागतात. आवाज आहे आणि मी बरी आहे, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात हे मला तेव्हा पटलंच नसतं, पण निदान कुणीतरी सांगायला पाहिजे होतं. म्हणून लिहितेय.

सुरुवात अगदी साधी झाली. मी लहान मुलांच्या वर्गाला शिकवते. एका कार्यक्रमाच्या तालमीला हॉलमध्ये दोन-अडीच तास मी स्पीकरच्या अगदी शेजारी उभी होते, मुलांना रांगेने स्टेजवर सोडायचं काम माझ्याकडे होतं त्यामुळे तिथून हलता येत नव्हतं. माईक आणि स्पीकर समोरासमोर आले की जी कर्कश किंकाळी निघते ना, ती मधे दोन-तीनदा निघाली. घरी आले तेव्हा दोन्ही कानांना दडे बसले होते, विमानातून उतरल्यावर बसतात तसे. म्हटलं झोपलं की जाईल. रात्री लाइट बंद केला, सगळं शांत झालं, आणि डाव्या कानात बारीक, सुईसारखी शिट्टी. पूर्वीचे ते खोक्यासारखे टीव्ही नुसते चालू असले तरी एक बारीक आवाज यायचा, तसा. मी उठून फ्रिज बंद केला, चार्जर काढले, भिंतीला कान लावून बघितला. शेवटी नवऱ्याला उठवलं, "तुला ऐकू येतंय का रे?" त्याला काहीच येत नव्हतं. तेव्हा कळलं की आवाज घरात नाहीये.

दडे दोन दिवसांनी सुटले. शिट्टी राहिली.

कानाच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी कान बघितला, ऑडिओग्राम काढला, म्हणजे बंद खोलीत बसवून २५० ते ८००० हर्ट्झपर्यंतचे वेगवेगळे सूर किती हळू वाजवले तरी ऐकू येतात ते बघतात. ४००० हर्ट्झपाशी डाव्या कानाचा आलेख किंचित खाली गेला होता, बाकी सगळं नॉर्मल. तिथला खड्डा ही मोठ्या आवाजाने कान दुखावल्याची नेहमीची खूण असते हे मला खूप नंतर कळलं. डॉक्टर म्हणाले, कान ठीक आहे, याला इलाज नाही, सवय करून घ्या. संपलं. पाच मिनिटंही झाली नसतील. मला त्याचा अजून राग आहे, आणि राग यासाठी की "सवय करून घ्या" हे तसं बरोबरच होतं, पण सवय होते म्हणजे नक्की काय होतं, कशाने होते आणि कशाने होत नाही, त्यातलं एक अक्षर त्यांनी सांगितलं नाही. मी फक्त "इलाज नाही" एवढंच घेऊन घरी आले.

इथेच एक गोष्ट सांगते, ती माझ्या गोष्टीपेक्षा महत्त्वाची आहे. एका कानाने अचानक कमी ऐकू यायला लागलं, एका दिवसात, दोन-तीन दिवसांत, तर थांबू नका, सर्दी असेल मळ असेल म्हणत बसू नका, त्याच दिवशी कानाचे डॉक्टर गाठा. त्यात स्टेरॉइड देतात आणि ती जितक्या लवकर सुरू होतील तितका ऐकू येणं परत येण्याचा चान्स जास्त, दोन आठवडे उलटले की फारसं हातात राहत नाही. तसंच आवाज नाडीच्या ठेक्यावर धकधक येत असेल, किंवा एकाच कानात सतत येत असेल, सोबत चक्कर येत असेल, चेहऱ्याची एक बाजू जड पडत असेल, तर नीट तपासणी करूनच घ्या. काही औषधांनीही कानात आवाज येतो, जास्त डोसातली अ‍ॅस्पिरिन, क्विनाइन, जेन्टामायसिनच्या जातीची इंजेक्शनं, कॅन्सरवरचं सिस्प्लॅटिन. पण औषध आपल्या मनाने बंद करायचं नाही, डॉक्टरांना विचारायचं. माझा आवाज एकाच कानात होता म्हणून पुढे एमआरआय पण झाला. त्यात काही निघालं नाही. मशीन प्रचंड आवाज करतं, कानाला संरक्षण देतात, तरी मी आत थरथरत होते.

आता ज्याने माझी खरी वाट लावली ते. तिसऱ्या आठवड्यात आवाज टोचायला लागले. मोठे वाटायला लागले असं म्हटलं तर अर्धंच होईल, ते टोचायचे. प्लास्टिकची पिशवी कुणी चुरगाळली, चमचा कपात पडला, वर्गात एकाने बेंच ओढला, की डाव्या कानात आत कुठेतरी झटका बसायचा आणि मग कान फडफडायचा, पापणी फडफडते ना तसा. कानातला एक छोटा स्नायू घाबरून आवळला जातो त्याने असं होतं, हे पण नंतर कळलं. पोरीचं हसणं सगळ्यात जास्त लागायचं. लहान मुलांचं हसणं वरच्या पट्टीतलं असतं आणि अचानक फुटतं. ती हसली की मी दचकून मागे सरकायचे, आणि ती गप्प व्हायची.

याला हायपरअक्युसिस म्हणतात. काही जणांना ठराविक आवाजांचीच चीड येते, कुणाच्या चावण्याची, नाक ओढण्याची, ते मिसोफोनिया, ते वेगळं. माझ्यात चीड नव्हती. मला भीती वाटायची आणि दुखायचं.

मग मी केलं ते कुणीही करेल तेच. इअरप्लग आणले. फोमचे, बोटाने वळून कानात घालायचे आणि आत फुगतात ते. आधी फक्त शाळेत. मग रस्त्यावर. मग घरात, मग झोपताना पण. खुर्च्यांच्या पायांना कापड बांधलं, टीव्ही म्यूट करून खालची अक्षरं वाचायची, माझ्या आईचा फोन आला की हातभर लांब धरून बोलायचं आणि ती विचारायची "अगं तू कुठे आहेस, आवाज लांबून येतोय". शाळेत सांगितलं घरी अडचण आहे, रजा टाकली. खरं कारण सांगायची हिंमत झाली नाही. रिपोर्ट नॉर्मल, दिसायला धडधाकट, आणि मुलांचा आवाज सहन होत नाही असं शिक्षिकेने म्हणायचं कसं? नंतर कधीतरी वाचलं की बीथोव्हननं १८०१ मध्ये आपल्या डॉक्टर मित्राला पत्र लिहिलं होतं, रात्रंदिवस कानात घूं घूं चालू असते म्हणून, आणि लोकांना मला ऐकू येत नाही असं सांगणं शक्य नाही त्यामुळे जवळजवळ दोन वर्षं कुठे जाणं-येणंच सोडलंय म्हणून. ते वाचून मी बराच वेळ तशीच बसून राहिले. एवढा मोठा माणूस, आणि लपवणं तेच.

आणि गंमत नाही, पण जेवढी मी शांतता करत गेले तेवढी शिट्टी मोठी होत गेली. आणि प्लग काढला की आधी जे आवाज नुसते टोचायचे ते आता असह्य व्हायचे. मला वाटायचं कान आणखी बिघडत चाललाय, म्हणजे अजून जपायला पाहिजे, अजून जाड प्लग. पाच महिने मी स्वतःला याच विहिरीत खाली खाली सोडत होते आणि वाटत होतं की मी काळजी घेतेय.

फडक्याच्या प्रसंगानंतर एका मैत्रिणीने सुचवलेल्या ऑडिओलॉजिस्टकडे, म्हणजे ऐकण्याच्या तज्ज्ञांकडे, गेले. त्या बाईंनी पहिल्या दिवशी सव्वा तास दिला. आधी सगळं ऐकून घेतलं, मग कानावर हेडफोन लावून एकेक सूर हळूहळू वाढवत नेला आणि म्हणाल्या, त्रास व्हायला लागेल त्या क्षणी हात वर करा, त्याच्या पुढे मी एक डेसिबलही जाणार नाही. हे वाक्य माझ्यासाठी फार मोठं होतं, कारण सहा महिन्यांत पहिल्यांदा कुणीतरी आवाजाचं बटण माझ्या हातात दिलं होतं. बहुतेकांना ९०-१०० डेसिबलपर्यंत त्रास होत नाही. मी ६५ ला हात वर केला. ६५ म्हणजे साधारण आपण बोलतो तेवढाच आवाज.

मग त्यांनी माझी शिट्टी मोजली. म्हणजे मशीनमधून सूर वाजवत विचारायचं, याच्यासारखी आहे का, याहून बारीक का, आता मोठी का. ती ६००० हर्ट्झच्या आसपास निघाली. आणि किती मोठी? त्या सुरासाठी मला जेवढं कमीत कमी ऐकू येतं त्याच्या सात डेसिबल वर. फक्त सात. मी म्हटलं चुकलं असेल, परत घ्या. परत तेवढंच आलं. त्या म्हणाल्या, बहुतेक लोकांचं असंच दहाच्या आसपास येतं, कितीही त्रास असला तरी. सहा महिने माझ्या घरादाराला ज्याने वेठीला धरलं तो आवाज मोजला तर पानांच्या सळसळीएवढाही नव्हता. मग मला तो एवढा मोठा का वाटतो? तर बाईंनी कागद घेतला आणि चित्र काढून समजावलं, ते मला जसं कळलं तसं सांगते.

कानाच्या आत जो शंख असतो त्यात पंधरा-सोळा हजार केसपेशी असतात. आवाजाने त्या हलतात आणि मेंदूकडे संदेश जातो. माणसात त्या एकदा मेल्या की परत उगवत नाहीत. आणि त्या जिवंत राहिल्या तरी त्यांना नसेशी जोडणारे सांधे तुटू शकतात, शेरॉन कुजावा आणि चार्ल्स लिबरमन यांनी २००९ मध्ये उंदरांवर हेच दाखवलं, मोठ्या आवाजानंतर उंदरांचं ऐकणं पूर्ववत झालं पण सांधे मात्र कायमचे गेले होते. माणसातही असंच होत असेल असा अंदाज आहे, म्हणजे ऑडिओग्राम नॉर्मल आणि तरी आत काहीतरी कमी झालेलं. आता कानाकडून कमी यायला लागलं की मेंदू काय करतो, आपला व्हॉल्यूम वाढवतो. रेडिओवर स्टेशन नीट लागत नसलं की आपण आवाज वाढवतो, गाणं तेवढंच राहतं पण खरखर केवढी वाढते, तसं. ती खरखर म्हणजे शिट्टी. आणि वाढलेल्या व्हॉल्यूमवर बाहेरचा चमचा पडला की तो पण भांडं फुटल्यासारखा येणारच. म्हणजे माझे दोन आजार वेगळे नव्हतेच, बटण एकच होतं. याच कारणाने काही लोकांची ऐकण्याची नसच ऑपरेशनमध्ये कापावी लागली तरी त्यांचा कानातला आवाज राहिलाय.

आणि मी त्या बटणाशी काय करत होते? दिवसभर प्लग घालून कानाकडून येणारं आणखी कमी करत होते. मेंदू बिचारा आणखी वाढवत होता. यावर प्रयोग झालाय, २००३ चा. चांगलं ऐकू येणाऱ्या लोकांना दोन आठवडे प्लग घालायला दिले तर त्यानंतर त्यांना तेच आवाज आधीपेक्षा मोठे वाटायला लागले, आणि दोन आठवडे कानात हलका सळसळ आवाज सोडणारं यंत्र लावलं तर उलट झालं, सहनशक्ती वाढली. धडधाकट कानाच्या माणसांचं दोन आठवड्यांत असं होतं, आणि मी पाच महिने काढले होते. हे ऐकून मला वाईट वाटायला पाहिजे होतं पण खरं सांगते, मला इतकं हलकं वाटलं. कान बिघडत चालला नव्हता. बटण चढलं होतं, आणि चढलेलं बटण उतरवता येतं.

दुसरी गोष्ट त्यांनी सांगितली ती भीतीची. १९५३ मध्ये हेलर आणि बर्गमन या दोघांनी चांगलं ऐकू येणाऱ्या ८० जणांना आवाजबंद खोलीत बसवलं आणि काय ऐकू येतंय ते सांगा म्हटलं, तर ९४ टक्के लोकांनी सांगितलं की काहीतरी येतंय, गुणगुण, शिट्टी, घूं घूं. म्हणजे आवाज जवळजवळ सगळ्यांकडे असतो, मेंदू तो गाळून टाकतो. माझ्या मेंदूने तो धोका म्हणून नोंदवला. पावेल जास्ट्रेबॉफ या संशोधकाने १९९० मध्ये मांडलं ते हेच, की त्रास कानात कमी आणि मेंदूतल्या भीतीच्या जागेत जास्त तयार होतो. आवाज, मग भीती, भीतीने लक्ष, लक्ष दिलं की आवाज मोठा, मोठा झाला की भीती. रात्री कुणीतरी दार वाजवतंय असं एकदा वाटलं की मग आपण कान देऊन ऐकतच राहतो, झोप कुठली.

उपचार म्हणावं तर दिसायला काहीच नव्हता. गोळी नाही, इंजेक्शन नाही. पहिला नियम, घरात पूर्ण शांतता कधीही नाही. दिवसरात्र हलका आवाज, पावसाची रेकॉर्डिंग, पंखा, पिंक नॉइज म्हणजे धबधब्यासारखी एकसारखी सळसळ, आणि तो आवाज शिट्टीपेक्षा हळू ठेवायचा. हे मला आधी उलटं वाटलं, मला शिट्टी झाकून टाकायची होती. त्या म्हणाल्या झाकली तर मेंदू तिची सवय कशाची करणार, ती दिसली पाहिजे, पण अंधारात एकटी नाही, गर्दीत. दुसरा नियम, प्लग फक्त खरोखर मोठ्या आवाजाच्या ठिकाणी. बाकी ठिकाणी हळूहळू काढायचे, आधी वीस मिनिटं, मग चाळीस. एकदम काढून टाकले असते तर माझं नुकसानच झालं असतं.

आणि तिसरं, आवाजांची शिडी. मला घाबरवणारे आवाज सोप्यापासून अवघडापर्यंत लिहायचे आणि खालून एकेक घ्यायचा, माझ्या हाताने, माझ्या वेळेला. ताट माझ्या यादीत वरून तिसरं होतं. त्याच्यावर पोरीचं हसणं आणि सगळ्यात वर वर्गाची सुट्टीची घंटा.

ताटाचं आम्ही दोघींनी मिळून केलं. तिला म्हटलं आपण एक खेळ खेळायचा. फडक्याच्या चार घड्या घालायच्या, तिने त्यावर ताट ठेवायचं, पण ठेवायच्या आधी "ठेवू?" विचारायचं, आणि मी हो म्हटलं की मगच. मग मी नंबर सांगायचा, शून्य ते दहा. चार घड्यांना पहिल्या दिवशी तीन आला. तीन दिवस शून्य-एक आला की एक घडी कमी. दोन घड्या. एक. मग नुसतं फडकं, तिथे आम्ही जवळजवळ दोन आठवडे अडकलो, सहा येत होता आणि उतरतच नव्हता. मग बाईंनी सुचवलं की ती ठेवतेय तेव्हा तुम्ही ताठ बसू नका, खांदे बघा तुमचे. बघितलं तर खांदे कानाला लागलेले आणि दात आवळलेले. जबडा आवळला की माझी शिट्टी पण बदलते हे तेव्हा लक्षात आलं, बऱ्याच जणांचं असतं असं, जबडा आणि मान यांच्या नसा मेंदूत ऐकण्याच्या वाटेला जाऊन मिळतात. मग श्वास सोडायचा, जीभ सैल सोडायची आणि मग "हो ठेव". आठवड्यात सहाचा तीन झाला. ज्या दिवशी फडकं काढलं त्या दिवशी तिने ताट ठेवलं, टण्णकन आवाज आला, आणि मी म्हटलं "दोन". ती नाचायला लागली आणि किंचाळली. तिचं किंचाळणं नऊ होतं. ते मी तिला सांगितलं नाही.

याच्या जोडीला सीबीटी घेतलं, म्हणजे विचार आणि वागणं यावर काम करणारी थेरपी. टिनिटसच्या त्रासावर सगळ्यात जास्त पुरावा याचाच आहे, आवाज कमी करण्यासाठी नाही, त्रास कमी करण्यासाठी. मला त्यातली एक गोष्ट सगळ्यात उपयोगी पडली. मी रोज सकाळी उठल्याबरोबर बाथरूमचं दार लावून दोन्ही कानांत बोटं घालून आज शिट्टी किती आहे ते तपासायचे. दहातले किती. वहीत लिहायचे. मग त्या आकड्यावर दिवस ठरायचा. थेरपिस्टनी विचारलं, या तपासणीने आवाज कधी कमी झालाय का? नाही. मग कशासाठी करता? मला उत्तर देता आलं नाही. बंद करायला चार आठवडे लागले, हात आपोआप जायचे कानाकडे. वही टाकून दिली. आणि खरं सांगायचं तर मी बरी व्हायला लागले ती तिथून. रात्रींचं पण तसंच, झोप लागेल का यावरचा पहारा सुटला तेव्हा झोप लागायला लागली.

त्या काळात खूप वाईट विचारही आले. एका रात्री वाटलं की हे आयुष्यभर असणार असेल तर नकोच. मी ते नवऱ्याला बोलून दाखवलं, आणि तो रात्रभर जागा बसला माझ्याजवळ, सकाळी डॉक्टरांना फोन केला. तुमच्या मनात असं काही येत असेल तर एकट्याने रात्र काढू नका, कुणालातरी उठवा, लगेच सांगा. असा विचार येतो तो थकलेल्या डोक्यातून येतो आणि झोप परत आली की तो मागे हटतो, मी अनुभवलंय.

पैसे मात्र वाया घालवले, ते सांगते. गिंको बिलोबा नावाच्या झाडपाल्याच्या गोळ्या तीन महिने, झिंक, कसलेकसले थेंब. अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ मध्येच लिहून ठेवलंय की गिंको, झिंक, मेलाटोनिन टिनिटससाठी सुचवू नका. आणि कॉफी पण सोडली होती, आठवडाभर डोकं दुखलं, शिट्टी होती तशीच. ज्यांचं ऐकणं कमी झालंय त्यांना श्रवणयंत्राने बऱ्याचदा फरक पडतो, बाहेरचं ऐकू यायला लागलं की मेंदूला व्हॉल्यूम चढवायची गरज कमी होते.

सरळ रेषेत काही झालं नाही. उपचाराच्या चौथ्या महिन्यात रस्त्यात एका ट्रकने अगदी शेजारी हॉर्न मारला आणि तीन दिवस शिट्टी दुप्पट, कान फडफडतोय, मला वाटलं संपलं सगळं, परत पहिल्यापासून. प्लग बाहेर काढले, हातात घेतले. बाईंना फोन केला तर म्हणाल्या, हॉर्न किती वेळ होता? दोन सेकंद. मग कानाला काही झालेलं नाही, घाबरलात तुम्ही, एक पायरी खाली या आणि चालू ठेवा. चौथ्या दिवशी उतरलं. नंतरही असे चढ-उतार आले, प्रत्येक वेळी दिवस कमी लागले.

एक मात्र प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे. काही लोकांना आवाजानंतर कानात खरोखर दुखतं, जळजळतं, तासन्‌तास, दिवसन्‌दिवस, तेही दुसऱ्या दिवशी सुरू होतं. त्यांना माझ्यासारखं शिडी चढत जाणं झेपेलच असं नाही, काहींना त्याने जास्त त्रास होतो. त्यांना "भीती सोड, आवाजाची सवय कर" असं घरच्यांनी म्हणू नये. हे काम कुणीतरी जाणत्याच्या देखरेखीखालीच करायचं, आणि वेग ज्याचा कान त्याचा.

उपचाराच्या आठव्या महिन्यात परत मोजलं, ६५ चं ८८ झालं होतं. शाळेत गेले. या वेळी मुख्याध्यापिकेला सगळं खरं सांगितलं, आणि त्या म्हणाल्या, माझ्या कानात बारा वर्षांपासून रातकिडे आहेत. मी बघतच राहिले. २०२२ मध्ये जगभरच्या अभ्यासांची एकत्र मोजणी झाली त्यात मोठ्या माणसांपैकी जवळपास १४ टक्के लोकांना टिनिटस निघाला, ७४ कोटींहून जास्त माणसं, त्यातल्या १२ कोटींना तीव्र. म्हणजे आमच्या स्टाफरूममध्ये पण दोन-तीन जण निघणारच. आता तालमीला कुणालाही स्पीकरजवळ उभं करत नाहीत, मुलांना तर नाहीच. ८५ डेसिबल आठ तास चालतात, पण प्रत्येक तीन डेसिबलला वेळ अर्धा होत जातो, १०० ला पंधरा मिनिटं, हे मी तिथे भिंतीवर चिकटवलंय. तिथे मी प्लग घालते, आणि बाहेर आले की लगेच काढते.

शिट्टी आत्ता हे लिहिताना येतेय, कारण तिच्याबद्दल लिहितेय. दिवसात कितीदा येते ते मला सांगता येणार नाही, मोजत नाही.

मुलगी आता साडेसात वर्षांची आहे. मागच्या आठवड्यात तिच्या हातून ताट सटकलं, फरशीवर पडलं आणि पडून गरगर फिरत राहिलं, ते फिरताना आवाज बारीक आणि जलद होत जातो ना, तसं थांबेपर्यंत वाजलं. तिनेच दोन्ही हात कानावर दाबले होते. मी आतून ओरडले, "पायावर नाही ना गं पडलं?"